‘गिरणाथडी’चं पान तीन

६ जानेवारी, सोमवार

युवराज माळ्यावरची सगळी पोती खाली उतरवून पुण्याला पळाला. जाताना म्हणतो, "आई, आता एकदाचं ठरव. धुळ्याला दे, नाही तर रद्दीत घाल." रद्दी! ज्या कागदावर याचं सगळं शिक्षण झालं त्याला रद्दी म्हणतो. रागाने दुपारी फोन उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा त्यानेच केला. मग बोलले. लेकरू आहे.

पोत्यांत ‘गिरणाथडी’च्या फायली आहेत, भडगाव सोडताना सोबत आणलेल्या. भडगावचं आमचं साप्ताहिक, एकोणसत्तर ते सत्त्याण्णव. संपादक, मालक, बातमीदार आणि वेळ पडली तर हमालसुद्धा – जीवराम. माझा नवरा. तोंडाने उभ्या जन्मात नाव घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा रडतकढत. इथे लिहायला काय जातंय! जीवराम, जीवराम, जीवराम.

घरभर धूळ झालीय. शिंकून शिंकून डोकं धरलं.

९ जानेवारी, गुरुवार

धुळ्याहून समीक्षा आली. कॉलेजात इतिहास शिकवते. तालुक्याची जुनी वर्तमानपत्रं शोधायची, पानापानाचे फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर ठेवायचे, असं काम तिच्या मंडळींनी अंगावर घेतलंय. म्हणजे उद्या सुरतेला बसलेल्या माणसाला आपल्या पणज्याचं नाव घरबसल्या सापडेल. म्हटलं, इथे लोकांना शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, पणजा कशाला हवा? हसली. म्हणाली, "काकू, शेजारी विचारता येतो. पणज्याला कुठे विचारणार?"

तिने जेवणाच्या टेबलावर स्टँड लावला, दोन्ही बाजूंना दिवे, मऊ ब्रश. पान उलटताना श्वास धरते पोरगी. कडा हात लागताच तुटतात, उडदाच्या पापडासारख्या. एका पानावर थांबली. "ही सेलोटेप कोणी लावली?" मीच! प्रेमाने लावली होती. आता पिवळी पडून अक्षरंच खाल्लीत तिने. डोळ्यांनी चांगलंच रागावली.

तिला मी एकच अट घातली. सगळं ने, माझी ना नाही. पण जीवराम गेला त्या आठवड्याचा अंक आधी माझ्या हातात दे. तो मी वाचलेलाच नाही. तेव्हा घर माणसांनी भरलेलं, युवराजची परीक्षा, माझं डोकं ठिकाणावर नाही. अंक रूपचंदने काढला. रूपचंद म्हणजे आमचा जुळारी, छपाईची अक्षरं जुळवणारा, पहिल्या अंकापासूनचा. मृत्युलेखही त्यानेच लिहिला. लोक यायचे आणि सांगायचे, "वहिनी, काय लिहिलंय हो!" मी म्हणायचे, वाचते. आधी धीर झाला नाही, मग अंकच सापडेना. आता वाचायचाय. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, जास्त लांबवून चालणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

पोती संपली. शेवटच्या वर्षाची फाइल नाहीच.

कशी असेल! त्या वर्षाचे अंक बांधायला कोण होतं? ते सुटे होते आणि सासूबाईंनी ट्रंकेत घातले. जीवराम गेल्यावर तीन महिन्यांत त्या पारोळ्याला लेकीकडे निघून गेल्या, ट्रंकेसकट. मुलाच्या मौतीला डोळ्यातून टिपूस काढलं नाही त्या बाईने! भिंतीला टेकून नुसती बसून होती. मग ट्रंक उचलली नि चालली. आठ-नऊ वर्षांनी तिकडेच वारल्या. ट्रंक अजून बेबाअक्काकडेच असणार. माझी नणंद काही टाकत नाही. आणि मी तिच्या दारात पाय ठेवत नाही.

सासूबाईंच्या दहाव्याला चारचौघांत म्हणाली होती, "मन्हा भाऊले प्रेसनी खादं, आन् ही एक्स्चेंजमा बशी ऱ्हायनी." मी टेलिफोन खात्यात होते म्हणून प्रेसचा कागद यायचा, हे कोण सांगणार तिला? त्यानंतर पारोळा माझ्यासाठी नकाशावरून गेला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गोड बोला म्हणून सगळ्यांना मेसेज पाठवले. पारोळ्याला नाही.

१९ जानेवारी, रविवार

समीक्षाने आज मला वाचायला बसवलं. तिचे फोटो चालू आणि मी बाजूला जुन्या अंकांत. चहा दोनदा गार झाला.

काय काय छापायचा हा माणूस! "हरवला आहे – उजवे शिंग मोडलेला तांबडा बैल, नाव मोत्या, हाक मारल्यास थांबतो." पुढच्या अंकात, "मोत्या सापडला. सर्वांचे आभार." गावात टुरिंग टॉकीज आली, तंबू वाऱ्याने उडाला, लोकांनी उघड्यावर पिक्चर पाहिला आणि तिकिटाचे पैसे परत मागितले. दहावीला पहिली आलेली मुलगी, तिला दिलेला स्टीलचा डबा. गिरणेला पूर आला तेव्हा अर्धंच पान निघालं, कारण अर्धे खिळे पाण्यात गेले होते. म्हणजे छपाईचे खिळे, शिशाची अक्षरं. रूपचंद आणि जीवराम गाळात बसून अक्षरं निवडत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाया तांदूळ निवडतात तसे!

आणि मी सापडले! जून १९७४. "येथील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कु. लता यांची नेमणूक झाली असून त्यांचा आवाज स्पष्ट व मधुर असल्याचे ग्राहकांकडून समजते." ग्राहकांकडून! भडगावात तेव्हा फोन होते किती? हाच ग्राहक. नाशिकला कुत्रं ओळखत नसताना नाशिकचा ट्रंक कॉल बुक करायला यायचा, आणि लागला की म्हणायचा, राहू द्या, काम झालं. समीक्षा इतकी हसली की तिने पानावरचा हात काढून घेतला, फाटेल म्हणून.

मीही हसले. मग आत जाऊन तोंड धुऊन आले. किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात समीक्षाची हाक, "काकू, हे बघा." पान तीनला भोक. चौकोनी, सरळ. कात्रीने कापलेलं. पुढच्या अंकात तसंच. त्याच्या पुढच्यातही. जवळपास प्रत्येक आठवड्याला पान तीनवर खिडकी, आणि खिडकीतून पान पाच दिसतंय.

पान तीनला काय असायचं ते मला न बघताच ठाऊक आहे. निधन वार्ता.

समीक्षाचा चेहरा पडला. नात्यागोत्याचा शोध घेणाऱ्याला सगळ्यात आधी हेच लागतं म्हणे. कोण कधी गेलं, मागे कोण राहिलं, लेक कुठल्या गावी दिलेली. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मग कळलं. तिच्या आजीचे वडील, सुकदेव बैसाणे, कालव्याच्या कामावर भडगावजवळ वारले, दुष्काळाच्या वेळी. आजी नरडाण्याला सासरी. तिला कळलं तोवर सगळं उरकलेलं. भाऊ सुरतेकडे गेले ते तिकडचेच झाले. वडील गेल्याची तारीख कुणालाच माहीत नाही. म्हणून त्यांच्या आठवणीचं पुण्यानुमोदन बुद्धपौर्णिमेलाच करतात. आजी दर वर्षी म्हणते, बापाला स्वतःचा असा दिवस नाही. या पोरीने हे काम हाती घेतलं ते तिथून.

२० जानेवारी, सोमवार

कोणी कापलं असेल? वाळवी कात्री घेऊन येत नाही.

जीवराम जाहिरातीच्या वसुलीसाठी कात्रणं काढायचा, पण ती वेगळ्या प्रतींतून. फाइलच्या अंकाला हात लावलेला त्याला खपायचा नाही. मला एकदा त्यावर भाजी निवडताना पाहिलं तर दोन दिवस बोलला नव्हता!

२३ जानेवारी, गुरुवार

आज गंमत झाली. गंमत कसली – सगळा उलगडा झाला.

१९७८ चा दिवाळी अंक. निधन वार्ता कापलेली, ठीक. पण पान चारवर किराणा दुकानाच्या दिवाळीच्या शुभेच्छाही कापल्यात, खाली नावाची ओळ तेवढी उरलीय! शेजारी कापड दुकानाच्या शुभेच्छा, त्याही तशाच गेल्या. बियाणेवाल्याच्या मात्र शाबूत, तिथे फटाक्यांचं चित्र आहे. मी म्हटलं, किराणेवाला काय दिवाळीत मेला होता? आमच्या लग्नातसुद्धा तूप कमी पडलं म्हणून भांडला होता तो, अगदी ठणठणीत!

भडगावला रूपचंदला फोन लावला. ऐंशीकडे झुकलाय, ऐकू कमी येतं, ओरडून बोलावं लागतं. ऐकून घेतलं आणि खोकत खोकत हसायला लागला.

"वहिनी, ते मायनं काम शे."

माय म्हणजे माझ्या सासूबाई. भिकुबाई.

प्रेसमध्ये समईचं चित्र छापायचे तीन-चार ठोकळे होते. निधनाची चौकट आली की वर ती समई बसायची. सासूबाईंना अक्षरओळख नाही. कधीतरी लेकाला विचारलं असेल, हा दिवा कसला? त्याने सांगितलं असेल, कोणी गेलं की लावतात. झालं! आमच्याकडे मौतीचं पोस्टकार्ड दारातच वाचून फाडायचे, उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत. आणि इथे हा लेक दर आठवड्याला गावचे सगळे मेलेले कपाटात रचून ठेवतोय! तर दर शुक्रवारी दुपारी, मी ड्यूटीवर असताना, ही बाई कात्री घेऊन बसायची. समई दिसली की चौकट कापायची. कागद पदरात घेऊन नदीवर जायची आणि पाण्यात सोडायची. दिवाळीत दुसऱ्या चित्रांचे ठोकळे कमी पडले की रूपचंद तीच समई शुभेच्छांना लावायचा. तेही गिरणेत गेले बिचारे, जिवंतपणी.

"त्यासले माहीत व्हतं?" मी विचारलं. फोनवर त्याच्याशी बोलताना माझीही भाषा त्याच्यासारखी होते.

"व्हतं ना. तो म्हने, मायनं शे ते, ऱ्हाऊ दे."

वा! जन्मभर आमदारांवर अग्रलेख लिहिले आणि आईपुढे एक ओळ नाही.

मग भीत भीत विचारलं. मृत्युलेखाची प्रत आहे का तुझ्याकडे? नाही. लिहिलेला कागद? कागदावर लिहिलाच नव्हता म्हणे. थेट खिळ्यांत जुळवला. काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. "हात चालत व्हतात, वहिनी. डोकं नव्हतं." फोटोचा ब्लॉक जळगावहून करून आणला, मोठी चौकट केली आणि वर समई लावली.

समई लावली. म्हणजे संपलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून भांड्यांवर राग काढतेय. गावोगाव फिरून कोणाकडे तो अंक मिळेल असंही नाही. सगळ्यांच्याच घरी तीच रीत. ज्याच्या घरी आला त्याने पान तीन बाहेर टाकलं असणार.

ज्या बाईने परक्यांच्या मौती घरात ठेवल्या नाहीत ती पोटच्या पोराची ठेवील? कापला असणार, पाण्यात सोडला असणार, आणि नेहमीसारखा पदर झटकून घरी आली असणार. डोळ्यात पाणी नाही ते नाहीच. माझा एवढा एक कागदसुद्धा ठेवला नाही तुम्ही, सासूबाई!

लिहिलं आणि वाईट वाटलं. पण खोडत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

समीक्षाने भरीत-भाकरी खाता खाता मध्येच घास ठेवला. म्हणाली, "काकू, समई लावायला पैसे पडायचे का?"

पडायचे तर! चौकटीचे पैसे वेगळे, समईचे वेगळे. ज्याची ऐपत नाही त्याची बातमी? ती जीवराम फुकट घ्यायचा. पान दोनला ‘शिवारातून’ म्हणून सदर होतं, तिकडे एका ओळीत. विहिरीला पाणी लागलं, म्हैस व्याली, अमुक वारले – सगळं एकाखाली एक. तिथे चौकट नाही. समईसुद्धा नाही.

समीक्षाने तशीच खरकट्या हातांनी खुर्ची मागे सारली. मी ओरडले, आधी हात धू!

श्रीमंतांचे सगळे नदीत गेले, अगदी पाटलापासून अडत्यापर्यंत. आणि सालदार, मजूर, भाजीवाली म्हातारी, पान दोनला जसेच्या तसे! सासूबाईंना ते दिसलेच नाहीत. आमच्याकडचं एक तरी काम सरळ होतं का?

त्र्याहत्तरची फाइल. १३ एप्रिलचा अंक. समीक्षाने वाचलं आणि अंक माझ्याकडे सरकवला, मग मी मोठ्याने वाचलं. "कालव्याच्या कामावरील मजूर सुकदेव आनंदा बैसाणे (वय अंदाजे ५५) हे दि. ९ रोजी ऊन लागून वारले. त्यांचेमागे पत्नी, दोन मुलगे व नरडाणे येथे दिलेली एक कन्या आहे." त्याच्या खाली, "महिंदळे शिवारात बिबट्या आल्याची अफवा खोटी ठरली."

समीक्षा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, जीवराम, शाबास रे.

२ फेब्रुवारी, रविवार

नरडाण्याला जाऊन आले. पॅसेंजरने गेले, स्टेशनवर समीक्षा घ्यायला आली होती.

लिलाबाई, तिची आजी. लहानखुरी, बसल्या जागी घर चालवणारी. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली नातवंडांच्या पदव्यांचे फोटो ओळीने. मूळ अंक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. फोटोवर भागलं असतं, पण म्हटलं कागदच दाखवावा. समीक्षाने दोनदा वाचून दाखवलं. म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "मन्हं नाव शे का त्यामा?"

नाव नाही म्हटलं. पण तुम्ही आहात – नरडाण्याला दिलेली कन्या, ती तुम्हीच.

"मी शे," ती म्हणाली. "बाप गया तवय मी बायतीन व्हती. कोनी सांगंच नही मले. मन्हाबिगर बठ्ठं उरकायी गयं." बाळंतीण होती म्हणून बापाचं कळवलंच नाही तिला. त्या ओळीवर बोट ठेवून बसली. ओळ कोणती ते समीक्षाने दाखवलं होतं. तेवढ्या ओळीवरून बोट हलवेना. पानाला हात लावू नये वगैरे कोणी बोललं नाही. समीक्षासुद्धा नाही!

९ एप्रिलला वडिलांचं पुण्यानुमोदन करणार आहेत. मला बोलावलंय. जाणार.

निघताना लिलाबाई विचारते, तुमचा माणूस कधी गेला, त्याचं छापून आलं असेल ना? म्हटलं, आलं होतं. सासूबाईंनी ठेवलं नाही.

"देखं का तुमनी?"

नाही, बघितलं नाही.

"मंग?" एवढंच म्हणाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

"मंग?" डोक्यातून जाईना.

९ फेब्रुवारी, रविवार

पारोळ्याला फोन लावला. पहिल्यांदा वाजून बंद झाला. सुटल्यासारखं वाटलं. मग पुन्हा लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, स्वतःचा जोडायला इतकी वर्षं लागली!

"कोन?"

लता, म्हटलं.

पलीकडे कोणीतरी टीव्ही बंद केला. मग, "इतला वरीसमा आठवन ऊनी?"

मी सरळ सांगितलं. सासूबाईंची ट्रंक आहे का, त्यात अंक आहेत का, मला जीवरामचा अंक बघायचाय. कापलेला असला तरी बघायचाय. अक्का म्हणाली ट्रंक आहे. उघडायला कोणी आलंच नाही. आणि मग आवाज बदलून, "एकटी येवू नको बसमा. गुडघा कसा शे तुना?"

तिला माझा गुडघा माहीत आहे! युवराज फोन करतो म्हणे दर दिवाळीला. मला पत्ता नाही. आईच्या मागे असले धंदे.

समीक्षा म्हणाली मी पण येते. नको म्हटलं. हे माझं मीच बघते.

१६ फेब्रुवारी, रविवार. पारोळा

अंक आहे. पान तीन आहे. चौकट आहे, जीवरामचा फोटो आहे, खाली रूपचंदने जुळवलेलं सगळं आहे. फक्त समई नाही. तेवढीच काढलीय, कात्रीच्या टोकाने, फोटोच्या केसालाही धक्का न लावता.

अक्का म्हणाली, "माय जो घर ऊना त्याले दखाडे. म्हने, देख, मन्हा जीवराम पेपरमा ऊना."

दुपारपासून अंक मांडीवर आहे. चष्मा लावलाय. मजकूर अजून वाचला नाही, फोटोच बघत बसलेय.